पिवळ्या कार्डावरचा रिकामा रकाना

आधीच सांगते, या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचत आले, तीही करमणूक म्हणून. कोणाला वडावर काय दिसलं, कोणाच्या मागे घाटात कोण चालत आलं... वाचायचं, हसायचं, फोन बाजूला ठेवायचा. अहो, एकवीस वर्षं नर्स आहे मी. माझ्या हातावर माणसं गेलीत. त्यांची तोंडं पुसून, हातपाय सरळ करून, चादर ओढून पुढच्या मिनिटाला मी शेजारच्या बेडचं सलाइन बदललंय. माझ्या मागे कधी कोणी आलं नाही. यायचं असतं तर एव्हाना आमच्या वॉर्डात उभं राहायला जागा उरली नसती!

तरी आज लिहायला बसले आहे. यात भूत नाही. असतं तर बरं झालं असतं, सगळं त्याच्यावर ढकलता आलं असतं.

हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, नोकरी अजून चालू आहे. परळला आहे, ट्रस्टचं, मागच्या गेटातून बाहेर पडलं की भोईवाडा. दुसऱ्या मजल्यावर मेल मेडिकल, तो माझा वॉर्ड. बरोबर त्याच्याखाली फिमेल मेडिकल, तो शर्मिलाचा. मी इनचार्ज सिस्टर, तीही इनचार्ज सिस्टर. ट्रेनिंगला एकाच बॅचला होतो, होस्टेलला एकाच खोलीत. म्हणजे मैत्रीण... हो, मैत्रीणच म्हणायची.

मी फणसवाडीची. तीन पिढ्या एकाच घरात, आजोबा-वडील दोघेही हेडक्लार्क. आमच्याकडे अक्षर आणि शिस्त यांच्यापुढे देवसुद्धा दुसऱ्या नंबरवर. माझं अक्षर मोत्यासारखं, माझा चार्ट कधी खाडाखोड नसलेला. शर्मिला कोळीवाड्यातली. आई अजून मासळी विकते, बाईंचा आवाज मार्केटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लेकीचा तस्साच. अक्षर म्हणाल तर मुंगी शाईत पडून कागदावर चालत गेलेली. पण सगळ्या हॉस्पिटलात एकच नाव, शर्मिला सिस्टर, शर्मिला सिस्टर! बुधवारी तिच्या डब्यात तळलेले बोंबील असले की डॉक्टरसुद्धा राउंड लवकर संपवायचे. बऱ्या होऊन घरी गेलेल्या बायका वर्षभराने तिला भेटायला यायच्या, नातवंड दाखवायला. माझे पेशंट बरे झाले की जिना उतरून जायचे ते जायचे. काम मी तिच्याहून जास्त करायचे, हे मी आजही लिहून देईन.

लपवण्यात काही अर्थ नाही. मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा काय, वाटतो.

तर गेल्या वर्षी हॉस्पिटलात क्वालिटी सेल निघाला. क्वालिटीच्या मॅडम म्हणाल्या, सिस्टर लोकांनी स्वतःचं काहीतरी रिसर्च करा, वॉर्डात सुधारणा होईल असं. आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघतोय तोवर शर्मिलाचा हात वर! तिने पिवळी कार्डं काढली. म्हणजे असं, की चूक होता होता टळली तर ती लपवायची नाही, कार्डावर लिहायची. आमच्यात त्याला ‘नियर मिस’ म्हणतात. कार्डावर चार रकाने. कुठे? काय होणार होतं? का? आणि शेवटचा, कोणी आणि कसं टाळलं? लिहिणाऱ्याने नाव टाकायचं नाही, फक्त तारीख. कार्ड मेट्रन मॅडमच्या केबिनबाहेरच्या पेटीत टाकायचं. पेटीला कुलूप, चावी फक्त मेट्रनकडे. शनिवारी इनचार्ज लोकांच्या मीटिंगमध्ये पेटी उघडायची, कार्डं मोठ्याने वाचायची, कोणाला ओरडायचं नाही. ज्याने चूक टाळली त्याला ‘गुड कॅच’चा बिल्ला.

पहिल्या मीटिंगला शर्मिलाच्या वॉर्डाची कार्डं ढीगभर. माझ्या वॉर्डाचं एकही नाही. मी मान ताठ करून बसले होते. म्हटलं, आता कळेल कोणाच्या वॉर्डात किती गोंधळ आहे ते. तर क्वालिटीच्या मॅडम काय म्हणाव्यात? “फिमेल मेडिकलचं मनापासून कौतुक. जिथून कार्डं येत नाहीत तिथे चुका होत नाहीत असं नसतं. तिथे लोक बोलायला घाबरतात.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. एकवीस वर्षांत चूक नाही म्हणून बोलणी खाणारी मी पहिलीच असेन! शर्मिला टेबलाखालून माझा हात दाबत होती. मी हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मुलींना सांगितलं, कार्डं लिहा. त्या नुसत्या “हो सिस्टर” म्हणाल्या आणि पांगल्या. घाबरायच्याच मला, आता कळतं. तेव्हा नाही कळलं. तेव्हा मी एक वेगळीच अक्कल चालवली. कार्डं घेऊन लिनन रूममध्ये बसले आणि मनानेच चुका रचायला लागले. हसू नका. अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने लिहायचे. आणि शेवटचा रकाना मात्र झकास भरायचे. अमक्या मावशींनी ओळखलं, तमक्या स्टुडंटच्या लक्षात आलं. आमच्या वॉर्डाची लाज राखायला नको?

पहिलं कार्ड. वॉर्डात दोन सावंत, बेड चार आणि बेड चौदा, रक्ताच्या बाटल्यांवरची लेबलं उलटी लागली, स्टुडंट मुलीने वय वाचून पकडलं. लिहिलं तेव्हा वॉर्डात एकही सावंत नव्हता. तीन दिवसांनी दोन आले. चारला आणि चौदाला. लेबलं उलटी लागली आणि स्टुडंट मुलीनेच पकडली. मला गंमत वाटली. परळ-लालबागला दगड मारला तरी सावंताला लागतो, त्यात काय एवढं?

दुसरं कार्ड. एंडोस्कोपीसाठी उपाशी ठेवलेल्या पेशंटच्या उशीखाली शेवचिवड्याची पुडी, शेजारच्या पेशंटने चुगली केली म्हणून कळलं. आठवड्याच्या आत तेही घडलं. मी स्वतःला समजावलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पेशंट काय, चिवडा खातातच.

तिसरं मी मुद्दाम विचित्र रचलं. ऑक्सिजन सिलेंडर उघडायची चावी ऐन वेळी सापडेना, शेवटी वॉर्डातल्या दत्ताच्या तसबिरीमागे मिळाली, सफाईच्या मावशींनी काढून दिली. असलं कधी कुठे घडत नाही. लिहिलं आणि निश्चिंत झाले.

तोवर सोमवार उजाडला. मेट्रन मॅडमनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. नाशिकला नर्सिंगची परिषद होती, तिथे हॉस्पिटलतर्फे एकीने प्रकल्प मांडायचा होता. आणि जी मांडेल तिच्याकडेच क्वालिटीची नवी पोस्ट जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मी अर्ज केला होता. इंग्रजीत, टाइप करून, तीन पानं. शर्मिलाने एका कागदावर मुंग्या सोडल्या होत्या.

“शर्मिला जाईल,” मेट्रन म्हणाल्या. “वर्षा, तू तिला लिहायला मदत कर. तुझं अक्षर छान आहे.”

अक्षर छान आहे! म्हणजे हिने मिरवायचं आणि मी तिची कारकुनी करायची. बाहेर आल्यावर शर्मिला म्हणाली, “वर्षू, रागावलीस?” मी म्हटलं, “छे गं, अभिनंदन.” घरी दोन घास गेले नाहीत.

मंगळवारी लिनन रूममध्ये बसून मी चौथं कार्ड लिहिलं. ते लिहिताना मला जे वाटलं ते इथे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं होतं.

कुठे? फिमेल मेडिकल, बेड अकरा. काय होणार होतं? अकरा नंबरची डायबेटिसची पेशंट सोनोग्राफीला गेलेली. बारा नंबरची आजी तिथे पंख्याचा वारा चांगला लागतो म्हणून तिच्या बेडवर येऊन पडलेली. दुपारचं जेवणाआधीचं इन्सुलिन भलत्याच बाईला दिलं जाणार होतं. का? इनचार्ज सिस्टरने हातातला नावाचा पट्टा तपासला नाही. जी बाई सगळ्या हॉस्पिटलला पट्टा तपासायला शिकवते, तिनेच!

शेवटचा रकाना. कोणी आणि कसं टाळलं? मी पेन टेकवलं... आणि उचललं. म्हटलं, कशाला? दरवेळी हिला वाचवायला कोणीतरी असतंच. रकाना मुद्दाम रिकामा ठेवला आणि कार्ड पेटीत टाकलं.

बुधवारी सकाळी एका पेशंटचा श्वास लागला. सिलेंडर आला, चावी सापडेना. सगळ्यांची धावाधाव. आणि सफाईच्या मावशी म्हणाल्या, “सिस्टर, ही काय, दत्ताच्या फोटोमागं. काल पुसताना कोणी ठेवली काय माहीत.”

पेशंट ठीक झाला. मी मात्र सिलेंडरला टेकून उभी राहिले. मावशी म्हणाल्या, “तुमाला काय झालं? पाणी देऊ?” मी चौथ्या कार्डाचा विचार करत होते. पहिल्या तिन्हींत शेवटचा रकाना भरलेला होता, म्हणून तिन्ही वेळा टळलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना शर्मिलाला. काय सांगू? तुझ्याविरुद्ध खोटं कार्ड लिहिलंय आणि माझी खोटी कार्डं खरी होतात? मला वरच्या मजल्यावरून थेट मानसोपचाराला पाठवलं असतं. दुसरं कार्ड टाकून रकाना भरावा, हेही मनात आलं. पण कार्डाला हात लावायचीच भीती बसली होती. मेट्रन शनिवारपर्यंत रजेवर, पेटीची चावी त्यांच्या पर्समध्ये. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी लांब दांड्याचा चिमटा घेतला आणि पेटीच्या फटीतून कार्ड ओढायला बघितलं. मागून सिक्युरिटीचे मामा म्हणाले, “सिस्टर, पेटीचं ऑपरेशन का?” चिमटा पदराआड घातला आणि वर पळाले.

मग एकच राहिलं. दुपारच्या इन्सुलिनच्या वेळी स्वतः खाली जाऊन उभं राहायचं. गुरुवारी गेले. अकरा नंबरला खरोखर एक डायबेटिसची बाई आली होती, बारा नंबरला कॉटन ग्रीनच्या एक वाळलेल्या आजी. तो अकरावरचा पंखाच काय तो वॉर्डात धड चालतो. शर्मिला म्हणाली, “काय गं, ऑडिट करायला आलीस?” मी म्हटलं, “सहज.” ती खूश झाली. वेडीला वाटलं, मी रुसवा सोडून आले. गुरुवारी काही झालं नाही.

शुक्रवारी माझ्याकडे ऐन त्याच वेळी नवीन ॲडमिशन. फॉर्म, सलाइन, नातेवाइकांचे प्रश्न... मग घड्याळाकडे लक्ष गेलं. पेन तिथेच टाकून जिना उतरले. फिमेल मेडिकलच्या दारात पोचले तेव्हा समोरच अकरा नंबर. कोणीतरी डोक्यावरून चादर घेऊन झोपलेलं, एक हात बाहेर काढलेला. शर्मिला बेडजवळ, हातात सिरिंज. तिच्या दोन मुली रजेवर होत्या, पहाटेपासून भाषणाची तयारी, डोळे तांबारलेले. “चला मावशी, सुई,” ती म्हणाली. चादरीतून दंड पुढे आला. शर्मिलाने स्पिरिटचा बोळा लावला. पट्ट्याकडे बघितलं नाही.

आता खरं लिहिते. मी लगेच ओरडले नाही.

एक श्वासभर मी दारात उभी राहिले. त्या श्वासात नाशिक दिसलं, पोस्ट दिसली, सगळ्यांच्या माना शर्मिलाकडे वळलेल्या दिसल्या. तिकडे आजींची साखर झोपेतच उतरत गेली असती आणि जेवायला उठवेपर्यंत कोणाला कळलंही नसतं. हे सगळं मला माहीत होतं. आणि तरी मी उभी होते.

मग माझ्या तोंडून एकदम निघालं, “पट्टा!”

शर्मिलाचा हात हवेतच थांबला. चादर सरली, कॉटन ग्रीनच्या आजी डोळे किलकिले करून म्हणाल्या, “काय झाला गो बाय? पंखो बरो लागता हय, म्हणान जरा पडलंय.”

शर्मिलाने पट्टा वाचला. एकदा, दोनदा. सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि स्टुलावर बसली. “वर्षू,” ती म्हणाली, “तू नसतीस तर आज माझ्या हातून...” मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तीच म्हणाली, “कार्ड लिहायला हवं हे.” आणि मग माझ्याकडे कशीतरीच बघत राहिली. “नाही... राहू दे. नको.”

माझा स्वभाव बघा. एवढं होऊनही मला आतून उकळ्या फुटल्या. म्हटलं, वा गं! दुसऱ्याला कार्डं लिहायला लावते, स्वतःवर आलं तर नको!

शनिवारी पेटी उघडली. दोन-तीन कार्डं वाचून झाल्यावर मेट्रननी माझं डाव्या हाताचं कार्ड काढलं आणि वाचलं. बेड अकरा, पंखा, इन्सुलिन, पट्टा. “शेवटचा रकाना रिकामाच सोडलाय कोणीतरी,” म्हणाल्या आणि बाजूला ठेवलं. दोन कार्डांनंतर त्या थांबल्या. “अरे, हेच परत आहे. अक्षर बघा, मुंग्या नुसत्या.” आणि वाचायला लागल्या. बेड अकरा. बारा नंबरची आजी पंख्याखाली. जेवणाआधीचं इन्सुलिन. इनचार्ज सिस्टरने पट्टा तपासला नाही. आणि शेवटचा रकाना, “मेल मेडिकलच्या वर्षा सिस्टर अचानक दारात आल्या आणि ‘पट्टा!’ असं ओरडल्या, म्हणून टळलं.”

शर्मिला उभी राहिली. “ती इनचार्ज सिस्टर मीच, मॅडम. शुक्रवारी झालं.”

टाळ्या वाजल्या. चूक करूनसुद्धा टाळ्या तिलाच! नंतर माझ्या छातीला बिल्ला लावला तेव्हाही वाजवल्या, पण थोड्या कमी. मी मोजत नव्हते, पण कळतं ते.

“एक कळत नाही,” मेट्रन दोन्ही कार्डं शेजारी ठेवून म्हणाल्या. “शुक्रवारचं ना हे? मग दोन्हींवर तारीख मंगळवारची कशी?”

शर्मिला म्हणाली, “चुकली असेल.” माझ्याकडे तिने बघितलं नाही.

जिन्यात तिने माझा दंड धरला. “वर्षू, कोणाला सांगू नकोस. ते कार्ड मी मंगळवारीच टाकलं होतं. खोटं.”

“काय?”

“सोमवारी मॅडमनी माझं नाव घेतलं तेव्हा तुझा चेहरा बघितला मी. रात्रभर वाईट वाटत होतं. म्हटलं, निदान गुड कॅचचा बिल्ला तरी तुला मिळू दे. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा रचून लिहिलं. आता चूक कोणाची दाखवायची? दुसऱ्या कोणावर कशी ढकलू? म्हणून माझीच लिहिली.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “पण ते तसंच्या तसं कसं झालं गं? तू ओरडलीस तो शब्दसुद्धा... आणि ते दुसरं कार्ड कोणाचं? त्याच दिवशी, तोच बेड? मला भीती वाटते.”

मी म्हटलं, “मला काय माहीत.”

याला आता बरेच महिने झाले. शर्मिला नाशिकला जाऊन आली, पोस्टही तिलाच मिळाली. माझ्या वॉर्डातल्या मुली हल्ली खरी कार्डं लिहितात, मी ओरडत नाही. मीही खरं घडलेलं सोडून काही लिहीत नाही, आणि लिहिलेलं परत कधी घडलं नाही. उत्तर शोधून दमले. पंख्याचं सगळ्यांना माहीत होतं, इन्सुलिनचं माहीत होतं, दोघी एकाच बॅचच्या, एकाच विचाराने चालतो... इथपर्यंत स्वतःला पटवते. सावंत पटवते, चिवडा पटवते. दत्ताच्या तसबिरीशी येऊन अडकते. आणि ‘पट्टा!’शी.

कारण त्याच्यापुढे एक प्रश्न आहे, तो मला जेवू देत नाही. माझ्या कार्डात वाचवणारं कोणी नव्हतं. तिच्या कार्डात मी होते. मग दारातल्या त्या श्वासानंतर ओरडले ती मी होते, की तिने लिहून ठेवलं होतं म्हणून ओरडले? जन्मात एकदा मी तिच्यापेक्षा मोठं काहीतरी केलं, आणि तेही तिच्या त्या मुंग्यांच्या अक्षरात आधीच लिहिलेलं! याचासुद्धा मला हेवा वाटतो, काय म्हणावं माणसाला?

बिल्ला कपाटात आहे, लावत नाही. शर्मिला, या ग्रुपवर मला तूच ओढून आणलंस, म्हणजे हे तू वाचशील. जिन्यात विचारलं होतंस ना, दुसरं कार्ड कोणाचं? माझं गं. डाव्या हाताने लिहिलं होतं. आणि शेवटचा रकाना विसरून राहिला नव्हता, मी मुद्दाम रिकामा ठेवला होता.